फर्माइश आणि गवाही

माझ्या लहानपणी आमच्या झेंडीगेटच्या घरी रेडिओ नव्हता. गल्लीच्या तोंडाशी एक चहाचे हॉटेल होते, त्याच्या फळीवर व्हॉल्व्हचा मोठा रेडिओ असे. बुधवारी रात्री आठ वाजता त्या हॉटेलच्या बाकावर जागा मिळत नसे. रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला लागायची. शॉर्टवेव्हचा आवाज विहिरीतल्या पोहऱ्यासारखा वर येई आणि पुन्हा खाली जाई. अमीन सायानी एकेक पायदान चढत वर जाऊ लागले की हॉटेलवाला कप विसळायचा थांबे. पहिल्या नंबरवर कोणते गाणे आहे, यावर दुसऱ्या दिवशी शाळेत मारामारीची वेळ येई.

आम्ही चौघा मित्रांनी मिळून एक श्रोता संघ काढला होता. संघ म्हणजे काय, तर एक रबरी शिक्का आणि पोस्टकार्डांचा गठ्ठा. विविध भारतीला आणि सिलोनला फर्माइशी पाठवायच्या. आम्ही चौघेच होतो. पण चार नावांना कोण विचारतो, म्हणून कार्डावर चौदा नावे घालायचो. त्यात पाळण्यातली माझी बहीण असे, वारलेले दादामियाँ असत, आणि एकदा तर शेजारच्या बकरीचेही नाव गेले. एक कार्ड अब्बांच्या हाती लागले. ते वाचून हसले आणि म्हणाले, "दादामियाँ को गुजरे दो साल हुए, अब कायकू फर्माइश करेंगे?" अम्मी मात्र हसली नाही. ती सुपात तंबाखू घेऊन विड्या वळत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "मेरा नाम है क्या उसमें? होगा तो काटो. मैं झूटी गवाही नहीं देती."

एका गाण्याच्या फर्माइशीला गवाही हा शब्द मला तेव्हा फारच जड वाटला. गाणे आवडले की नाही याला काय साक्षीदार लागतात? तो शब्द पन्नास वर्षांनी परत समोर येईल असे वाटले नव्हते.

माझा भाचा एमआयडीसीत एका कारखान्यात शिफ्टमध्ये काम करतो. गातो चांगला. शाळेत असल्यापासून गातो. गेल्या वर्षी त्याने एक मराठी गाणे स्वतः लिहून, स्वतः चाल लावून, सावेडीतल्या एका मित्राच्या खोलीत रेकॉर्ड केले. भिंतींना गाद्या लावल्या होत्या म्हणे. गाणे एका ॲपवर चढवले. आता चढवले हाच शब्द झाला आहे. पूर्वी गाणे उतरायचे, ध्वनिमुद्रिकेत नाहीतर कागदावर, आता चढते. पहिल्या आठवड्यात नातेवाइकांनी ऐकले, दुसऱ्या आठवड्यात मित्रांनी. मग आकडा साडेसहाशेच्या आसपास बसून राहिला.

एका संध्याकाळी तो घरी आला आणि म्हणाला, "मामू, तुमचा फोन रात्री चार्जिंगलाच असतो ना? गाणं लावून ठेवत जा. पुन्हा पुन्हा वाजेल असं करून देतो. आवाज एकदम बंद नका करू, बारीक ठेवा. बंद ठेवला तर धरत नाहीत म्हणतात."

मी म्हटले, "कशाला?"

"हजार झाल्याशिवाय हिशेबच सुरू होत नाही."

मी ठेवत गेलो. भाच्याचे काम. आपाचा एकुलता एक मुलगा. रात्री अकराला फोन उशाशी ठेवायचा, गाणे मुंगीच्या आवाजात चालू, आणि मी झोपेत. पंधरा दिवस हे चालले. या पंधरा दिवसांत मला काहीही वावगे वाटले नाही, हे आधीच कबूल करतो. पुढे जे लिहितो आहे ते शहाणपण नंतरचे आहे.

लोकप्रियता कशी ठरते हा प्रश्न आपल्याकडे रेडिओने उभा केला. त्याच्या आधी गाणे तोंडातून तोंडात जाई. आपल्याच जिल्ह्यातल्या श्रीगोंद्याच्या शेख महंमदांचे अभंग शतकांनंतरही वारकऱ्यांच्या मुखी आहेत. ते कितव्या पायदानावर होते हे कोणी लिहून ठेवलेले नाही. रेडिओ आला आणि एकाच वेळी लाखो कानांना एकच गाणे ऐकवणे शक्य झाले. मग ते गाणे निवडायचे कोणी, हा प्रश्न आला.

१९५२ साली माहिती व नभोवाणी खात्याचे मंत्री झाले डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर. मराठी माणूस, शास्त्रीय संगीताचा कट्टर भक्त. त्यांना सिनेमाची गाणी हलकी वाटत. आकाशवाणीवरून त्यांनी ती जवळजवळ हद्दपार केली. लोकांची अभिरुची घडवायची तर त्यांना काय आवडते हे विचारत बसायचे नाही, अशी ती भूमिका. मला ती सर्वस्वी चुकीची वाटत नाही. त्या काळात अनेक शास्त्रीय गायकवादकांना आकाशवाणीने भाकर दिली. पण लोकांनी आपला काटा फिरवला आणि सिलोन लावले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात एका टूथपेस्टच्या पैशावर गीतमाला सुरू झाली. मंत्र्याने विचारायला नकार दिला होता, टूथपेस्टने विचारले. विविध भारती सुरू व्हायला १९५७ उजाडावे लागले.

गीतमालेकडे पत्रांचा पूर आला. आठवड्याला हजारोंनी पत्रे येत. पुढे ती गाण्यांच्या क्रमवारीचा कार्यक्रम झाली. क्रम लावायला रेकॉर्डच्या दुकानांतली विक्री पाहिली जाई आणि देशभरच्या श्रोता संघांचा कौलही घेतला जाई. एकावर भिस्त ठेवली तर दुकानदाराला हाताशी धरता येते, दुसऱ्यावर ठेवली तर आमच्यासारखी पोरे बकरीचे नाव घालतात! त्यातल्या त्यात दोन्ही ताडून पाहायचे. सायानी साहेब २० फेब्रुवारी २०२४ रोजी गेले, तेव्हा मला पहिल्यांदा वाटले की या माणसाने मोजणीच्या प्रामाणिकपणाची काळजी किती केली असेल. त्यांची आई कुलसुम सायानी प्रौढ साक्षरतेसाठी 'रहबर' नावाचे पत्र उर्दू, नागरी आणि गुजराती अशा तीन लिप्यांत काढीत. लहानपणी अमीनभाई त्या कामात हात लावीत. त्यांच्या बोलण्यातली ती सोपी, सगळ्यांना कळणारी भाषा तिथली असावी असे मला वाटते. असो, हे विषयांतर झाले.

क्रमवारीने एक विचित्र गोष्ट केली. जे गाणे वरच्या पायदानावर ते जास्त वाजे, जे जास्त वाजे ते जास्त विकले जाई, आणि जे जास्त विकले जाई ते आणखी वर जाई. आवडते म्हणून वाजते, की वाजते म्हणून आवडते? खासगी एफएम आल्यावर, २००५ नंतरच्या दुसऱ्या टप्प्यात ते आपल्या नगरसारख्या शहरांतही आले, तेव्हा हा प्रश्न आणखी तीव्र झाला. दिवसभर तीच दहा-वीस गाणी. मुंबईच्या खासगी केंद्रांवर मराठी गाणी फारशी वाजत नाहीत, ही तक्रार कित्येक वर्षे होती. श्रोत्यांना नको असतात, असे उत्तर मिळे. ऐकवलेच नाही तर हवे की नको हे कळणार कसे, याला उत्तर नसे. अमेरिकेत तर गाणे वाजवण्यासाठी रेडिओवरच्या निवेदकांना चोरून पैसे देण्याची रीतच पडली होती. १९५९-६० मध्ये तिथल्या संसदेने चौकशी केली, ॲलन फ्रीडसारख्या नामवंत निवेदकाची कारकीर्द संपली आणि असे पैसे लपवून घेणे गुन्हा ठरवणारा कायदा आला.

इथपर्यंत गैरप्रकाराचा प्रश्न मानमरातबाचा आणि धंद्याचा होता. गायकाच्या मजुरीचा नव्हता. कारण गायकाची मजुरी रेकॉर्डिंगच्या दिवशीच चुकती झालेली असे. गाणे किती वेळा वाजले याच्याशी तिचा संबंध नसे. संबंध असावा का, यावर १९६०च्या दशकात लता मंगेशकर आणि महंमद रफी यांच्यात वाद झाला आणि काही वर्षे दोघे एकत्र गायले नाहीत. लताबाईंचे म्हणणे असे की गाणे वर्षानुवर्षे विकले जाते, रेडिओवर वाजते, त्या कमाईत गाणाऱ्याचा वाटा असला पाहिजे. रफीसाहेबांचे म्हणणे असे की निर्मात्याने ठरलेले पैसे दिले, आपण गायलो, हिशेब संपला. सिनेमा पडला तर निर्माता आपल्याकडे पैसे परत मागायला येत नाही. मग चालला तर आपण कशाला मागावे?

आमच्या मोहल्ल्यात या वादात दोन मते नव्हती. रफीसाहेब म्हणजे आपले माणूस, सज्जन, अल्लाहवर भरवसा ठेवणारे. मिळाले त्यात समाधान, यालाच कनाअत म्हणतात, असे आमचे मौलवीसाहेबही सांगत (गाण्याला त्यांचा विरोध होता तरी!). मीही कितीतरी वर्षे याच बाजूचा होतो. श्रीकांत ठाकरे यांच्या चालींवर रफीसाहेबांनी मराठी गाणी गायली, ती ऐकताना त्यांच्या उच्चारांतला तो विनय मला त्यांच्या या भूमिकेचाच पुरावा वाटे.

माझे मत बदलले ते अम्मीच्या विड्यांमुळे. विडी कामगाराची मजुरी हजारावर असते. पण आणून दिलेल्या सगळ्याच विड्या हिशेबात धरत नाहीत. ठेकेदाराचा माणूस जुडी उलगडून पाहतो. ही सैल, ही तोंडाला फुटलेली, असे म्हणत काही विड्या बाजूला टाकतो. त्यांचे पैसे मिळत नाहीत. हे एक वेळ समजू शकते. पण बाजूला टाकलेल्या विड्या कामगाराला परतही मिळत नाहीत. त्या ठेकेदाराकडेच राहतात आणि विकल्या जातात. अम्मी ज्याच्याकडे विड्या देत असे तो अगदी हेच करी. अम्मी आयुष्यभर एकच प्रश्न विचारत राहिली: "खराब है तो फेको. बेचते हो तो खराब कैसी?" मजुराची मजुरी त्याचा घाम वाळायच्या आत द्या, ही शिकवण तिला पाठ होती आणि ती ठेकेदाराच्या तोंडावर म्हणायची.

रफीसाहेबांचे समाधान रफीसाहेबांना शोभत होते आणि परवडतही होते. त्यांना रोज गाणी होती. मागे कोरसमध्ये उभा राहणारा, आयुष्यात चार गाणी मिळालेला, म्हातारपणी खोकत बसलेला गायक, त्याने कनाअत कशाच्या जोरावर करायची? ज्याचा हक्क बुडतो त्याला समाधानाचा उपदेश करणे सोपे असते. लताबाईंचे म्हणणे न्यायाचे होते. कायद्याला ते पटायला अर्धे शतक लागले. २०१२च्या कॉपीराइट दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीचा हक्क पक्का केला, कलाकारांनाही व्यावसायिक वापरातल्या वाट्याचा हक्क दिला, आणि २०१३ मध्ये गायकांनी 'इसरा' ही आपली संस्था उभी केली.

मोजणीच नको, असे म्हणणाऱ्यांनी कॅसेटचा जमाना आठवावा. १९८०-९०च्या दशकांत प्रल्हाद शिंदे, आनंद शिंदे, मिलिंद शिंदे यांचे आवाज एसटी स्टँडच्या टपरीवर, वडापच्या जीपमध्ये, उरसात, जत्रेत, लग्नाच्या मांडवात सगळीकडे होते. आनंद शिंदे यांच्या पोपटाच्या गाण्याला कोणत्याही पायदानाची गरज पडली नाही. रेडिओच्या दारात न थांबता गाणे गावोगाव कसे जाते याचे इतके चांगले उदाहरण मला दुसरे दिसत नाही. पण त्या काळात एका कॅसेटवरून दहा कॅसेटी भरून विकल्या जात, आणि त्यातला एक पैसाही गाणाऱ्याकडे जात नसे. ज्याची मोजदाद नाही त्याची मजुरीही नाही. तेव्हा मोजणी हवी. प्रश्न मोजणीत साक्ष कोण देतो याचा आहे.

आता आजचा हिशेब पाहू. स्पॉटिफाय भारतात २०१९ च्या फेब्रुवारीत आले. आपल्याकडची गाना, सावन वगैरे मंडळी त्याआधीपासून होती. अशा ॲपचा साधारण हिशेब असा असतो. वर्गणी आणि जाहिराती यांतून महिन्याला जी रक्कम जमते, त्यातला कंपनीचा भाग काढून उरलेली एका मोठ्या हंड्यात जाते. महिन्याभरात सगळी गाणी मिळून जितक्या वेळा ऐकली गेली, त्यात आपल्या गाण्याचा हिस्सा जेवढा, तेवढा हंड्यातला हिस्सा गाण्याच्या मालकाकडे जातो, आणि तिथून करारात जे असेल ते गाणाऱ्याकडे. स्पॉटिफायवर तीस सेकंद वाजले की एकदा ऐकले असे धरतात. म्हणूनच आजची गाणी सुरुवातीची लांब धून टाळतात. एकतिसाव्या सेकंदापर्यंत माणूस थांबला पाहिजे! पूर्वी नौशादसाहेब मुखड्याआधी केवढी लांब सारंगी-सतार वाजवीत. आज त्यांना कोणीतरी सांगितले असते, खाँसाहेब, आधी आवाज येऊ द्या.

आणि २०२४ पासून तिथे एक नियम आला. मागच्या बारा महिन्यांत हजारपेक्षा कमी वेळा ऐकलेल्या गाण्याला हंड्यातून काहीच मिळत नाही. ऐकणारेही काही किमान संख्येने वेगवेगळे असावे लागतात. ती संख्या कंपनी सांगत नाही, कारण सांगितली तर लोक तेवढे भरतील. हजाराच्या आतल्या गाण्यांचे जे चार-चार आणे होतात ते वाया जात नाहीत. ते हजाराच्या वरच्या गाण्यांत वाटले जातात. कंपनीचे म्हणणे असे की इतकी बारीक रक्कम गायकापर्यंत पोहोचतच नाही, मधेच बँकेच्या खर्चात जाते, आणि बनावट गाण्यांनाही यामुळे आळा बसतो. त्यात तथ्य असेल. पण भाच्याने हा नियम मला समजावून सांगितला तेव्हा माझ्यासमोर सुपाशेजारी पडलेल्या त्या बाजूला टाकलेल्या विड्या आल्या. ऐकले गेले, पण हिशेबात नाही. आणि फेकलेही नाही.

त्यामुळे पहिल्या काही दिवसांत फोन उशाशी ठेवताना मला उलट बरेच वाटत होते. अम्मीच्या वतीने ठेकेदाराला चकवतो आहे, असे काहीसे.

माझे एक वकील मित्र आहेत, आता सेवानिवृत्त, सकाळी भुईकोट किल्ल्याच्या बाजूने आम्ही फिरायला जातो. त्यांना मी हे मोठ्या फुशारकीने सांगितले. ते म्हणाले, "यात चूक काय? मोठे लोक हेच करतात. २०१९च्या जुलैत बादशाहच्या गाण्याला चोवीस तासांत साडेसात कोटी व्ह्यूज झाले, जागतिक विक्रम म्हणून गाजावाजा झाला. त्यात जाहिरातींतून विकत घेतलेले व्ह्यूज होते. यूट्यूबने तो विक्रम धरला नाही, आणि सप्टेंबरात नियमच बदलला की जाहिरातीचे व्ह्यूज अशा विक्रमात धरणार नाही. पण तोपर्यंत ते नियमात बसत होते ना? लाखो रुपये ओतून कान विकत घेणे चालते, मग गरिबाने उशाशी फोन ठेवला तर काय बिघडले?"

मला हा युक्तिवाद आवडला. दोन दिवस मी त्यावर खूश होतो. मग भाच्याकडूनच कळलेल्या त्या हंड्याच्या हिशेबाने घोळ केला. माझ्या लक्षात आले की पोस्टकार्डावर बकरीचे नाव घातले तेव्हा आम्ही कोणाच्या खिशात हात घातला नव्हता. एखादे गाणे अर्धे पायदान वर गेले असेल, नसेल. रफीसाहेबांची मजुरी आमच्या कार्डाने वाढणार नव्हती आणि किशोरकुमारांची कमी होणार नव्हती. पण इथे हंडा ठरलेला आहे. माझ्या झोपेत वाजलेल्या गाण्याने भाच्याच्या वाट्याला जो कण येईल तो हवेतून येत नाही. तो कोणाच्या तरी ताटातून येतो. तो जसा एखाद्या मोठ्या कंपनीच्या ताटातून येतो, तसाच तो पाथर्डीत किंवा बीडमध्ये आपल्या भाच्यासारख्याच एखाद्या पोराच्या ताटातूनही येतो, ज्याचा मामा रात्री फोन बंद करून झोपतो. यूट्यूबचा हिशेब थोडा वेगळा आहे, तिथे ज्या व्हिडिओवर जाहिरात लागली तिचा वाटा त्याला. म्हणजे तिथे फसतो तो जाहिरातवाला. त्याची दया मला जरा कमी येते, पण फसवणूक ती फसवणूक.

कण कण म्हणून हसू नये. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिना राज्यातल्या एका माणसावर सप्टेंबर २०२४ मध्ये सरकारने खटला भरला. आरोप असा की त्याने यंत्राकडून शेकडो हजार गाणी बनवून घेतली आणि यंत्रांकडूनच ती ऐकवून घेतली, आणि त्यातून एक कोटी डॉलरहून अधिक रॉयल्टी उचलली. गाणारा माणूस नाही आणि ऐकणाराही नाही. मधला पैसा मात्र खरा, आणि तो खऱ्या गाणाऱ्यांच्या हंड्यातला. माझ्यात आणि त्या आरोपात फरक फक्त संख्येचा आहे का? मी स्वतःला बरेच समजावले की नाही, माझ्याकडे गाणे खरे आहे, गाणारा खरा आहे. मग राहिला ऐकणारा. तो मी होतो, आणि मी झोपलो होतो.

इथे अम्मीचा शब्द परत आला. लताबाईंचे म्हणणे मान्य केले की त्याच्यासोबत एक जबाबदारी येते, जी तेव्हा कोणी बोलून दाखवली नाही. गाणाऱ्याची मजुरी ऐकण्यावर ठरणार असेल तर ऐकणारा हा आता नुसता शौकीन राहत नाही. तो साक्षीदार होतो. मी हे ऐकले, अशी त्याची साक्ष आणि त्या साक्षीवर कोणाला किती द्यायचे याचा निवाडा. सिनेमा थिएटरात माणूस तिकीट फाडून देई, फर्माइशीच्या कार्डावर नाव घाली. साक्ष देतो आहोत हे त्याला कळत तरी होते. आजच्या ऐकणाऱ्याला कोणी विचारतही नाही. रिक्षात बसलो, रिक्षावाल्याने गाणे लावले, माझ्या फोनने पुढचे गाणे आपणहून सुरू केले, आणि माझ्या नावाने दिवसभर शेकडो साक्षी नोंदल्या गेल्या. न विचारता घेतलेल्या साक्षीची जबाबदारी माझ्यावर किती, हा प्रश्न मला सुटलेला नाही. पण जाणूनबुजून दिलेल्या खोट्या साक्षीबद्दल शंका घ्यायला जागा नाही. आपल्याकडे ती मोठ्या गुन्ह्यांत गणली जाते ती उगीच नाही. तिच्यामुळे ज्याचे नुकसान होते तो समोर नसतो, त्याला कळतही नाही, म्हणून तो माफही करू शकत नाही. माणसांचे हक्क माणसांनीच माफ करायचे असतात.

वकील मित्रांचा मुद्दा तरीही उरतो आणि तो मी दडपणार नाही. जाहिरातीचे पैसे ओतून कान मिळवणारी कंपनी आणि उशाशी फोन ठेवणारा मामू यांत समाज दोषी धरील तो मामूला. कंपनी ते उघडपणे, पावती घेऊन करते. नियम तिच्या सोयीने बनतात आणि नंतर तिच्याच गैरसोयीमुळे बदलतात. हजाराचा उंबरठाही लहानालाच अडतो. हा अन्याय आहे. पण ठेकेदार विड्या बुडवतो म्हणून अम्मीने दुसऱ्या बाईच्या टोपलीतल्या विड्या आपल्या टोपलीत घातल्या नाहीत. तसे करणाऱ्या बाया होत्या. अम्मी त्यांच्याशी भांडायची नाही, पण त्यांच्या शेजारी बसायचीही नाही.

किल्ल्याकडून परतताना आणखी एक गोष्ट नेहमी आठवते. १९४२ ते १९४५ या काळात मौलाना आझाद इथे कैदेत होते. पत्नीच्या निधनाची बातमी त्यांना याच भिंतींच्या आत कळली. 'गुबार-ए-खातिर'मधली त्यांची पत्रे इथेच लिहिलेली. पत्रे म्हणायची, पण त्या वेळी ती पोस्टात पडली नाहीत. त्यातले एक लांबलचक पत्र संगीतावर आहे. तरुणपणी मौलाना सतार शिकले होते. आग्र्याला असताना चांदण्या रात्री ताजमहालाच्या चौथऱ्यावर जाऊन बसायचे आणि सतार छेडायचे, असे त्यांनी लिहिले आहे. ऐकायला समोर ताज आणि खाली यमुना. घराणे पीरमुर्शिदांचे, त्यामुळे हे उघडपणे करण्यासारखेही नव्हते. मला हे चित्र आवडते, पण मी भाच्याला ते सांगितले नाही. मौलानांना सतारीवर पोट भरायचे नव्हते. ज्याला शिफ्ट संपवून रात्री दोनला घरी येऊन गायचे आहे त्याला ताजमहालाचा दाखला देणे म्हणजे पुन्हा रफीसाहेबांचे समाधान कोरसवाल्याला शिकवणे.

मी भाच्याला फक्त एवढे सांगितले की मी आता फोन लावून ठेवणार नाही. वाटले होते तो रागावेल. आपा रागावली. म्हणाली, "तुम्हा मास्तर लोकांना घरचं काम म्हटलं की मसले सुचतात." भाचा रागावला नाही. थोडा वेळ गप्प बसला आणि त्याने विचारले, "मामू, दुसरा अंतरा कसा वाटला तुम्हाला?"

मला उत्तर देता आले नाही. माझ्या फोनवर ते गाणे पंधरा रात्री वाजले होते. मला मुखडा येत होता आणि पहिल्या अंतऱ्याची सुरुवात, बस. पहिल्या आठवड्यात एकदा ऐकले होते तेवढेच. त्याला ते माझ्या चेहऱ्यावरून कळले. तो काही बोलला नाही, माझा फोन घेतला आणि पुन्हा पुन्हा वाजण्याची ती खूण काढून टाकली.

त्याच रात्री मी चष्मा लावून, कानात ते बोंडूक घालून गाणे शेवटपर्यंत ऐकले. तीन मिनिटे चाळीस सेकंद. दुसऱ्या अंतऱ्यात तो आईबद्दल गातो, आणि वरच्या सुरावर जाताना त्याचा श्वास अपुरा पडतो. अब्बांचाही तिथेच पडायचा, नात म्हणताना. दुसऱ्या दिवशी मी त्याला श्वासाचे सांगितले, अब्बांचे सांगितले नाही. गाण्याचा आकडा आता नऊशेच्या पुढे आहे. त्यातले माझे किती वजा करायचे ते आम्ही दोघेही बोललो नाही. तो दुसरे गाणे लिहितो आहे. वही माझ्याकडे शुद्धलेखनासाठी दिली आहे. त्यातल्या तिसऱ्या ओळीत 'नभ' हा शब्द आला आहे, तो आमच्या घरात कोणी बोलत नाही. आभाळ कर म्हणून सांगणार आहे.